जुना केग धुतला, तरी बियरला रूट बियरचा वास येतोय?

तक्रार बहुतेक वेळा अशी असते: सेकंडहँड कॉर्नी केग (कोल्ड्रिंकसाठी बनलेली स्टीलची उंच टाकी) स्वस्तात मिळाला, गरम पाणी ओतून घासला-विसळला, आत नाक घालून पाहिलं तर वास नाही. मग हौसेने पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बियर, भरली. पंधरा दिवसांनी पहिला ग्लास ओतला, तर बियरला पाठदुखीच्या मलमाचा वास. रूट बियर या अमेरिकेतल्या बिनदारूच्या कोल्ड्रिंकचा वास तोच. केग पुन्हा धुतला. पुढची बॅच बरी वाटली, त्यापुढच्या बॅचला परत तेच. इथे न्यू जर्सीत घरी बियर करणाऱ्या आमच्या मराठी मंडळींत दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी हे रडगाणं घेऊन येतंच, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतो.

उत्तर आधीच सांगतो. स्टील वास धरून ठेवत नाही, रबर धरतं. केग कितीही चकचकीत केलात आणि रबर तेच ठेवलंत, तर वास परत येणार. आणि केगमध्ये रबर आपल्याला दिसतं त्यापेक्षा जास्त ठिकाणी असतं. बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्या की हे सगळं अमेरिकेतलं आहे. 1978 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यामुळे फेब्रुवारी 1979 पासून इथे स्वतःपुरती बियर घरी करता येते. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर 200 गॅलन. तिकडे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 आहे, आणि परवान्याशिवाय घरी बियर करणं हा गुन्हा आहे. कोकम सोडा किंवा जिंजर एलसाठी कुणी जुना केग घेतला असेल, तर खालचं सगळं त्यालाही तसंच लागू पडतं.

हा वास येतो कुठून

हे केग मुळात बियरचे नाहीतच. रेस्टॉरंटना कोल्ड्रिंक किंवा त्याचा घट्ट पाक पोहोचवण्यासाठी ते बनले. पाच गॅलनचे, म्हणजे जवळपास 19 लिटरचे. नळी जोडायच्या पद्धतीवरून त्यांचे दोन प्रकार: पेप्सीवाल्यांचे बॉल लॉक, कोकवाल्यांचे पिन लॉक. पुढे पाक पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या प्लास्टिक पिशवीतून यायला लागला आणि हजारो केग भंगारात निघाले. होमब्रूवाल्यांनी ते उचलले. म्हणजे तुमच्या हातातल्या केगने आयुष्याची बरीच वर्षं कोला, ऑरेंज नाहीतर रूट बियर सांभाळण्यात घालवली असणार.

यातली सगळ्यात चिवट रूट बियर. पूर्वी तिच्यात सॅसफ्रास झाडाच्या मुळाच्या सालीचा अर्क असे. त्यातल्या सॅफ्रोलवर अमेरिकेने 1960 मध्ये बंदी घातली, आणि आजच्या रूट बियरच्या वासात मोठा वाटा असतो विंटरग्रीनचा, म्हणजे मिथाइल सॅलिसिलेटचा. आमच्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या तेव्हा गॅरेजमध्ये सुटे केलेले भाग पसरून बसलो होतो. झाकणाची रिंग त्यांच्या हातात दिली आणि विचारलं, कसला वास येतोय? त्यांनी एकदाच हुंगलं आणि म्हणाल्या, "जावईबापू, हे तर गंधपुऱ्याचं तेल. गुडघ्याला लावतात ते." अगदी बरोबर. मूव्हमध्येही तेच असतं. तेव्हा तुमच्या बियरला मलमाचा वास येत असेल तर तो भास नाही, रसायन खरोखरच तेच आहे.

हे तेलकट द्रव्य पाण्यात फारसं विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र सहज विरघळतं. रबरात ते वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. धुतल्यावर वरचा थर निघतो, नाकाला काही कळत नाही. मग केगात पाच टक्के अल्कोहोलची बियर दोन-चार आठवडे मुक्कामाला येते आणि आत मुरलेलं हळूहळू बाहेर ओढून घेते. इन्स्टंट पॉटची रिंग ज्यांनी वापरली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. एकदा सांबार केलं की नंतर खिरीलाही हिंगाचा वास येतो, आणि भांडं मात्र स्वच्छ असतं.

मधली बॅच बरी वाटली, ती कुठली होती हेही आठवून पाहा. स्टाउट किंवा पोर्टरसारखी काळी बियर असेल, तर वास गेला नव्हता, भाजक्या माल्टने झाकला होता.

आधी खात्री करा की दोष केगचाच आहे

एखादी बॅच बिघडली की सगळे आधी केगवर घसरतात. पण आंबवणं बिघडलं असेल, पाण्यात क्लोरीन असेल, तर केग बिचारा निर्दोष असतो. पुढच्या वेळी केग भरताना त्याच बॅचच्या चार-सहा बाटल्याही भरून ठेवा. बाटलीतली चांगली आणि केगातली वाईट, तर दोष केगकडे. दोन्ही वाईट, तर हा लेख सोडून किण्वनाकडे वळा.

केगातली वाईट निघाली तर आणखी एक पायरी आहे. गॅस (कार्बन डायऑक्साइड) बंद करा, दाब सोडा, झाकण उघडून स्वच्छ डावाने वरून थोडी बियर काढा आणि नळातून आलेल्या बियरशी ताडून पाहा. वरची ठीक आणि नळाची वाईट असेल तर दोष नळीत, कपलरमध्ये (नळी केगला जोडणारा भाग) नाहीतर नळात. लोक केगच्या रिंगा बदलतात आणि जुनी नळी तशीच ठेवतात. रूट बियर एकदा वाहून गेलेली व्हिनाइल नळी कधीच सुधारत नाही. ती फेकायचीच.

नक्की कुठलं रबर दोषी आहे ते पाहायचं असेल तर एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक रिंग वेगळ्या छोट्या काचेच्या बाटलीत टाका, रिंग बुडेल एवढी सर्वात स्वस्त व्होडका घाला, झाकण लावून रात्रभर स्वयंपाकघरातच ठेवा. एका बाटलीत नुसती व्होडका ठेवा, तुलनेला. सकाळी एकेक उघडून हुंगा. फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीत वास दबतो. आणि हुंगायला अशा माणसाला बसवा ज्याने आदल्या दिवशी केग घासलेला नाही. आपलं नाक तोवर त्या वासाला सरावलेलं असतं. खरं सांगायचं तर ही चाचणी कुतूहलापुरती आहे. रिंगांचा अख्खा संच एखाद्या बऱ्या बियरच्या बाटलीच्या किमतीत येतो, त्यामुळे वास येवो न येवो, जुन्या केगच्या सगळ्याच बदला. रिंगा बेकिंग सोड्यात भिजवा, उन्हात वाळवा असे सल्ले मिळतील. वेळ वाया जातो.

सुटा करताना

पहिली गोष्ट दाब. रिकामा वाटणारा जुना केगसुद्धा आत दाब धरून असू शकतो. झाकणावरची कडी ओढून फुस्स आवाज पूर्ण थांबेपर्यंत गॅस सोडा. काही पिन लॉक झाकणांना ही कडी नसते. तिथे गॅसच्या बाजूच्या पॉपेटवर (तोंडातली स्प्रिंगची छोटी झडप) फडकं धरून स्क्रूड्रायव्हरने दाबा. डोळ्याला चष्मा हवा. दाब असताना पोस्ट सोडवायला गेलात तर तो गोळीसारखा उडतो, आणि हे मी घाबरवायला म्हणून लिहीत नाही.

पोस्ट म्हणजे वरचे दोन उंचवटे, एक गॅसचा, एक बियरचा. पिन लॉकमध्ये ओळखायला सोपं: गॅसला दोन पिना, बियरला तीन. बॉल लॉकमध्ये गॅसच्या पोस्टला तळाशी खाचा असतात. सोडवायला खोल सॉकेट लागतं, साधा पान्हा कडा खाऊन टाकतो. दोन केग एकत्र सोडवत असाल तर भाग एकाच घमेल्यात टाकू नका. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पोस्टचे आटे वेगळे असतात आणि पॉपेटही. एका केगचा पोस्ट दुसऱ्याला जबरदस्तीने बसवला की गॅस गळतो, आणि मग तुम्ही आठवडाभर सिलिंडर रिकामा का होतोय ते शोधत बसता.

आता रबर मोजा. झाकणाची मोठी रिंग, दोन्ही पोस्टच्या बाहेरच्या रिंगा, दोन्ही डिप ट्यूबच्या (पोस्टखालून केगात जाणाऱ्या नळ्यांच्या) मानेवरच्या छोट्या रिंगा. या पाच सगळ्यांना माहीत असतात आणि संचातही एवढ्याच येतात. राहतं ते पुढचं: दोन्ही पॉपेटचं सील आणि दाब सोडणाऱ्या व्हॉल्वमधलं सील. धुऊनही वास परत येतो अशा केगमध्ये मला बहुतेक वेळा इथेच घाण सापडली आहे. पोस्ट उलटा धरून पॉपेट बाहेर ढकला. स्प्रिंगच्या वेढ्यांत आणि सीलच्या मागे काळपट, चिकट थर दिसेल. नखाने खरवडला तर डांबरासारखा निघतो आणि तोंडाजवळ नेला की वास आलाच. पॉपेट साफ करत बसू नका, नवे घ्या. झाकणावरचा व्हॉल्वही नवा मिळतो. त्याशिवाय गॅस आणि बियरच्या कपलरच्या आतही सील असतं. कपलर केगबरोबर जुनेच आले असतील तर तेही बदला.

नव्या रिंगा कुठल्या घ्याव्यात यावर वाद चालतात. ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या घ्या आणि मोकळे व्हा. झाकणाला मऊ सिलिकॉनची रिंग छान बसते, जुन्या, किंचित वाकलेल्या झाकणालाही. पण सिलिकॉनमधून ऑक्सिजन जास्त झिरपतो, त्यामुळे महिनोन्महिने ठेवायच्या बियरला मी ती वापरत नाही. वंगण म्हणून व्हॅसलिन लावू नका. पेट्रोलियम जेली ईपीडीएमला फुगवते. अन्नासाठी चालणारं सिलिकॉनचं वंगण मिळतं, तेच आणि अगदी बोटाच्या टोकावर येईल इतकंच.

स्टीलचं काय

स्टील निर्दोष म्हटलं तरी त्यावर बसलेला थर निर्दोष नसतो. डिप ट्यूब, म्हणजे तळापर्यंत जाणारी लांब नळी, तिच्या आत पाकाचा तपकिरी लेप असतो. वरून पाहिलं तर दिसत नाही, कारण टोकाशी ती बऱ्याचदा वाकलेली असते. बारीक लांब ब्रश घाला. मग सुतळीला पांढऱ्या सुती कापडाची चिंधी बांधून आरपार ओढा. चिंधी पांढरी बाहेर येईपर्यंत पुन्हा पुन्हा.

केग भिजवायला सोडियम परकार्बोनेटवर आधारलेलं क्लीनर वापरा. पीबीडब्ल्यू किंवा बिनवासाचं ऑक्सिक्लीन, दोन्ही चालतं. पीबीडब्ल्यू पाच गॅलनला साधारण 150 ग्रॅम, पाणी 60 अंश सेल्सिअसच्या आसपास, रात्रभर. सुटे धातूचे भाग त्यातच टाका. केग गळ्यापर्यंत, पार तोंडाच्या आतल्या कडेपर्यंत भरा. त्या कडेखाली पाक साचतो. झाकण घट्ट लावून गरम पाणी गार होऊ देऊ नका, आत निर्वात होऊन झाकण आत ओढलं जातं. कठीण पाण्यात परकार्बोनेटने पांढरा थर उरला तर सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने तो निघतो. करडा, खरखरीत थर असेल तर तो बियरस्टोन, कॅल्शियम ऑक्झलेट; त्याला अल्कली पुरत नाही, आम्लच लागतं.

ब्लीच आणू नका. स्टेनलेस स्टीलमध्ये क्लोरीनने बारीक खड्डे पडतात आणि मग त्या खड्ड्यांत जंतू वस्ती करतात. शिवाय ब्लीचचा अंश राहिला तर बियरमधल्या फिनॉलशी मिळून क्लोरोफिनॉल तयार होतं, ज्याला दवाखान्याचा, बँडएडचा वास येतो. तो मलमाच्या वासाच्या इतका जवळचा वाटतो की लोक रिंगा बदलत राहतात आणि खरं कारण नळाच्या पाण्यातला क्लोरामाइन असतो. फरक असा: विंटरग्रीन गोडसर आणि गार वाटतं, क्लोरोफिनॉल प्लास्टिकसारखं, कोरडं, घशात राहणारं. दुसरं असेल तर बियरच्या पाण्यात कॅम्पडेन गोळी (क्लोरीन घालवणारी सल्फाइटची गोळी) टाका. एक गोळी 20 गॅलनला पुरते.

केगच्या वरखाली जे जाड काळे रबरी बूट असतात, त्यांच्याखालीही पाक झिरपलेला असतो. तो बियरमध्ये येत नाही, पण फ्रिजभर वास सोडतो आणि तुम्ही उगाच केग पुन्हा उघडता. बाहेरून एकदा कोमट पाण्याने आणि ब्रशने धुवा, बस.

बियर घालण्याआधीची परीक्षा

सगळं नवं बसवलं, स्टार सॅन हे जंतुनाशक फिरवलं (पाच गॅलन पाण्याला 30 मिली), की लगेच बियर भरायचा मोह होतो. थांबा. गाळलेलं साधं पाणी भरा, 30 पीएसआय दाब द्या. या दाबाने झाकण नीट बसतं आणि गळती असेल तर साबणाच्या पाण्याचे बुडबुडे लगेच सांगतात. दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा आणि मग नळातून एक ग्लास सोडा वॉटर काढा. थंड पिऊ नका. ग्लासवर बशी ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग बशी काढून पहिला श्वास घ्या. गॅसचे बुडबुडे वास नाकापर्यंत आणतात आणि पाण्यात त्याला झाकायला हॉप्स (बियरला कडवटपणा देणारी फुलं) नसतात, माल्ट नसतं. आणखी खात्री हवी असेल तर त्याच ग्लासात बिनवासाच्या व्होडकाचे दोन चमचे घालून पाहा.

इथे वास आला तर एखादं रबर राहिलंय. माझ्या अनुभवात संशयाचा क्रम असा: पॉपेट, मग कपलर, मग व्हॉल्व. वास आला नाही तर त्या केगची पहिली बियर हलकीच करा, ब्लॉन्ड एल वगैरे. आयपीएने, म्हणजे हॉप्सचा वास दाटलेल्या बियरने, परीक्षा घेण्यात अर्थ नाही.

रूट बियरचा नसलेला वास

जुन्या केगच्या नावावर खपणारे आणखी काही वास आहेत. लोण्यासारखा, पॉपकॉर्नसारखा म्हणजे डायसिटिल. केग भरताना नव्हता आणि नंतर आला, तर नळीत जंतू आहेत. ब्रूअर्स असोसिएशन ही अमेरिकेतली बियर बनवणाऱ्यांची संघटना बारवाल्यांना दर दोन आठवड्यांनी नळ्या धुवायला सांगते. घरी निदान दर केगला तरी धुवा. आंबूस, व्हिनेगरसारखा वास म्हणजे जंतू आणि हवा दोन्ही आत शिरले. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव म्हणजे ऑक्सिजन, बहुधा झाकण नीट न बसल्याने किंवा भरल्यावर वरची हवा गॅसने काढून न टाकल्याने.

धातूची चव हा प्रकार जरा वेगळा. थोडी बियर हाताच्या मागच्या बाजूवर चोळा आणि हुंगा. लोह असेल तर त्वचेवरच्या तेलाशी मिळून वास एकदम उठून येतो, ग्लासात जाणवत नसला तरी. तसं झालं तर आत गंजाचा डाग किंवा ओरखडा शोधा. सायट्रिक ॲसिडचं गरम पाणी भरून ठेवलं की स्टीलचं संरक्षक आवरण परत तयार व्हायला मदत होते. लोखंडी तारेचा चोथा केगमध्ये कधीच घालू नका. बहुतेक ओरखडे आणि गंज तिथूनच येतात.

बिघडलेल्या बियरचं काय करायचं हा प्रश्न येतोच. विंटरग्रीन गॅस सोडून जात नाही, थंडीत मुरवून जात नाही. दुसऱ्या बियरमध्ये मिसळली तर दोन्ही जातात. त्या बियरमध्ये पीठ भिजवून मासे तळण्याचा सल्ला एका मित्राने दिला होता. पापलेट महाग आहे, करू नका. ओतून द्या.

आणि सगळं बदलूनही एखादा केग ऐकत नसेल, तर त्याच्याशी भांडू नका, त्याला सरबताच्या कामाला लावा. आमच्याकडे असा एक केग उन्हाळाभर कोकम सोड्यासाठी असतो. कोकम आणि साखरेचं पाणी गाळून भरायचं, मीठ आणि जिरेपूड मात्र ग्लासात घालायची, कारण खारट आंबट पाणी दिवसेंदिवस स्टीलमध्ये ठेवणं बरं नाही. त्याची नळी आणि कपलर वेगळे ठेवा, आणि केगवर ठळक खूण करा. रंगीत टेप हँडलला गुंडाळली की पुरे.